हूड बसतो, पण चालत नाही

पुण्यात राहणाऱ्या एका कुटुंबात २०२३ च्या डिसेंबरात आईंची पंचाहत्तरी झाली. कार्यक्रम सासवडच्या जुन्या घरी ठेवला होता. मोठे अंगण, पुढे दगडी ओटा, ओट्याला चार पायऱ्या आणि जमलेली सत्तावीस माणसे. मोबाइलवर फोटो तर पोरासोरांपासून सगळेच काढत होते. पण थोरल्या मुलीच्या मनात एकच होते. सगळ्यांचा मिळून एक फोटो बाबांच्या कॅमेऱ्यावर आणि फिल्मवरच काढायचा.

बाबा जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचा निकॉन एफएम-२ तिने कपाटात जपून ठेवला होता. सोबत दोन लेन्स: एक नेहमीची ५० मिलिमीटरची आणि दुसरी २८ मिलिमीटर एफ २.८ ही वाइड अँगल. सत्तावीस माणसे अंगणातल्या अंगणात चौकटीत बसवायची तर २८ शिवाय गत्यंतर नव्हते. अडचण एवढीच होती, की त्या लेन्सचा धातूचा हूड घर बदलताना कुठे तरी हरवला होता. अकरा वाजता ऊन कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाने येणार, हे तिने आदल्या भेटीतच पाहून ठेवले होते. हूडशिवाय ते ऊन थेट काचेवर पडणार आणि फोटो धुरकट येणार, हेही तिला ठाऊक होते. बाबांच्या हाताखाली शिकलेली मुलगी ती.

म्हणून कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ती घराजवळच्या फोटो-साहित्याच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलाने लेन्सची पुढची कडा पाहिली, खणातून एक रबरी हूड काढला आणि आट्यांवर फिरवून दाखवला.

“बावन्नचा आहे ताई. बसणार म्हणजे बसणार.”

खरोखरच बसला. एकही आटा अडला नाही. तिने पैसे दिले आणि एक काम संपले म्हणून ती निर्धास्त झाली.

फिल्म धुऊन, स्कॅन होऊन आली तेव्हा फोटोचे चारही कोपरे काळे झालेले होते. नुसते मंद झालेले नव्हे, तर गोल कापल्यासारखे काळे. खालच्या दोन कोपऱ्यांत अंगणाची फरशी गेली, त्याचे काही नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात पन्हाळीचा तुकडा गेला, त्याचेही काही नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात मात्र धाकटे काका उभे होते. सगळ्यांत उंच, म्हणून त्यांना ओट्यावर मागच्या रांगेत टोकाला उभे केले होते. त्यांचा अर्धा चेहरा काळोखात गेला होता. ग्रुपचे तीन फोटो काढले होते आणि तिन्हींत तेच. स्कॅनवर कोपरा उजळवून पाहिला. पण फिल्मच्या ज्या भागावर प्रकाशच पोचला नाही, तिथे उजळवायला काही शिल्लकच नसते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये काका गेले. त्यांचे सुटे फोटो मोबाइलमध्ये पुष्कळ आहेत. बाबांची सगळी हयात भावंडे, त्यांची मुले आणि नातवंडे एकत्र असलेला फोटो मात्र हा एकच.

दुकानातल्या त्या मुलाने खोटे काहीच सांगितले नव्हते. लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास ५२ मिलिमीटर होता आणि हूडही ५२ मिलिमीटरचाच होता. फक्त तो ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी बनवलेला होता. जुन्या लेन्ससाठी हूड शोधणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात. आट्यांचा व्यास सांगतो, की हूड लेन्सवर बसेल की नाही. तो चालेल की नाही, हे लेन्स किती रुंद पाहते यावर ठरते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. निकॉनने तर आपल्या पुष्कळ लेन्सना मुद्दाम ५२ हाच व्यास ठेवला, म्हणजे एकच फिल्टर सगळ्यांना चालावा. फिल्टरच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. हूडच्या बाबतीत तिनेच घोळ झाला; कारण २४, २८, ३५, ५०, १०५ अशा कितीतरी लेन्स ५२ च्याच आणि प्रत्येकीची नजर वेगळी.

नजर म्हणजे किती, तेही पाहण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर २८ ची लेन्स एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंशांचा कोन पाहते. ५० ची सुमारे ४६ अंश आणि १३५ ची जेमतेम १८ अंश. आता ५४ मिलिमीटर आतल्या व्यासाची एक सरळ नळी लेन्सपुढे धरली आहे असे समजावे. लेन्समध्ये समोरून पाहिले की आत प्रकाशाचे गोल छिद्र दिसते. चित्राच्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा तिथून निघते. ही रेषा नळीच्या भिंतीला कुठे टेकेल? २८ च्या बाबतीत छिद्रापासून सुमारे ३५ मिलिमीटरवर, ५० च्या बाबतीत सुमारे ६३ वर आणि १३५ च्या बाबतीत थेट १७० वर. म्हणजे ५० साठी जी लांबी अगदी योग्य, ती २८ चे कोपरे कापणार. उलट २८ चा आखूड हूड १३५ वर लावला तर कोपरे शाबूत राहतील. पण बाजूचे ऊन अडवण्याच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा. वाइड लेन्सचा हूड बशीसारखा पसरट आणि टेलिलेन्सचा पेल्यासारखा उभट का असतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

कॅमेऱ्यातून पाहतानाच तिच्या हे लक्षात का आले नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. कोपरे थोडे मंद तिला दिसले होते. ती ओट्याच्या छपराची सावली असेल असे तिला वाटले. यात तिचा फारसा दोष नाही. या जातीच्या कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असते. तेव्हा हूडमुळे पडणारा काळोख कडेकडेने हळूहळू उतरत जातो आणि डोळा त्याला सरावतो. फोटो काढताना छिद्र एफ ८ ला आले, की त्याच काळोखाची कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट होते. त्यात एफएम-२ च्या खिडकीतून प्रत्यक्ष चित्राचा ९३ टक्केच भाग दिसतो. अगदी टोकाचे कोपरे, जिथे घात होतो, ते दिसतच नाहीत. शिवाय सत्तावीस माणसांना “इकडे बघा, इकडे बघा” म्हणणाऱ्या माणसाची नजर कोपऱ्यांवर नसते.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, मग हूड हवाच कशाला? तो नसता तर निदान काकांचा चेहरा तरी आला असता. तेही खरेच. पण मग चेहरे सगळ्यांचेच फिके आले असते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून, त्यावर लेप नसेल तर, सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. २८ एफ २.८ या लेन्सच्या १९८१ च्या आवृत्तीत काचेचे आठ सुटे भिंग आहेत, म्हणजे पृष्ठभाग सोळा. लेप नसता तर निम्म्याच्या आसपास प्रकाश वाटेतच परतला असता, आणि परतलेला प्रकाश लेन्समध्ये इकडून तिकडे आपटत शेवटी धुक्यासारखा फिल्मवर सांडला असता. या परावर्तनावर काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. पुढे एकावर एक अनेक लेप देण्याचे तंत्र आले आणि तोटा पुष्कळच घटला. लेप दिलेली लेन्ससुद्धा बाजूच्या थेट उन्हापुढे पूर्ण निर्धोक नसते. त्यातून ती चाळीस वर्षांची असेल, आत बारीक धूळ असेल, पुढच्या काचेवर पुसून पुसून ओरखडे पडले असतील, तर प्रत्येक कण आणि प्रत्येक ओरखडा ते ऊन चहूकडे उधळतो. नव्या लेन्सपेक्षा जुन्या लेन्सला हूडची गरज अधिक, ती यासाठी.

हूडचा आणखी एक उपयोग म्हणजे धक्क्यापासून बचाव. कॅमेरा गळ्यात असताना दाराच्या चौकटीवर आपटला तर पहिला मार हूड खातो. रबरी हूड दबतो आणि परत पूर्ववत होतो. धातूचा चेपतो, आणि जोराचा मार असेल तर त्याचे आटे लेन्सच्या आट्यांत रुतून बसतात. मग तो काढायला कारागीर गाठावा लागतो. सध्याच्या लेन्सबरोबर मिळणारा प्लॅस्टिकचा हूड उलटा लावूनच फिरणारे आणि तसेच फोटो काढणारे हौशी लोक सहलीच्या ठिकाणी हमखास दिसतात. त्यांचा हूड ना ऊन अडवत, ना मार.

काका गेल्यावर दिवाळीत ती मुंबईला बहिणीकडे गेली होती. तेव्हा तिने फोर्टमधल्या बोरा बाजाराची वाट धरली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी काही मिनिटांवरची ही गल्ली कॅमेऱ्यांसाठी कित्येक वर्षांपासून प्रसिद्ध आहे. दिल्लीत चांदनी चौकातला कूचा चौधरी आणि कोलकात्यात एस्प्लनेडची मेट्रो गली, ही त्याच जातीची ठिकाणे. अशा बाजारांत नव्या मालाच्या दुकानांच्या मधूनच एखादे जुन्याचे दुकान असते. तिथे सुटे हूड, झाकणे आणि रिंगा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकत्र टाकलेल्या असतात. डबा उपडा करून शोधायचे.

तिथल्या वयस्क दुकानदाराला तिने रबरी हूड दाखवला आणि घडलेले सांगितले. त्यांनी हूडकडे पाहिलेही नाही.

“ताई, कॅमेरा आणला आहे का?”

“आणलाय काका. फिल्म नाही आत.”

“नाही तेच बरं.”

त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली. शटरचा वेग ‘बी’ वर नेला, छिद्र आठवर आणि अंतर अनंतावर ठेवले. रबरी हूड लावला, बटण दाबून धरले आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

“फिल्म जिथं बसते त्या चौकटीच्या कोपऱ्यातून बघा. मधून नाही, कोपऱ्यातून. आतलं भोक दिसतं का?”

तिने दाराच्या उजेडाकडे लेन्स करून पाहिले. चौकटीच्या मधोमध डोळा धरला की लेन्समधले गोल छिद्र लख्ख दिसत होते. डोळा कोपऱ्याकडे नेला तसे ते एका बाजूने खाल्ले जाऊ लागले, आणि अगदी कोपऱ्यात पोचल्यावर दिसेनासेच झाले. तिथे होती फक्त रबराची काळी कड.

“जे तुम्हाला दिसलं नाही, ते फिल्मला कसं दिसणार?” काका म्हणाले आणि डबा चाळू लागले.

डब्यातून त्यांनी एक आखूड, पसरट, धातूचा हूड काढला. त्यावर एचएन-२ असे कोरलेले होते. तो लावून तिने पुन्हा पाहिले. चारही कोपऱ्यांतून छिद्र पूर्ण दिसले, किंचित लांबट, पण पूर्ण.

ही चाचणी घरी कुणालाही करता येते आणि तिला एक पैसा लागत नाही. ज्या जुन्या कॅमेऱ्याची पाठ उघडते आणि ज्यात ‘बी’ ची सोय आहे, त्या प्रत्येक कॅमेऱ्यावर ती चालते. एक काळजी घ्यावी: उघडलेल्या शटरच्या पात्यांना बोट लागू देऊ नये आणि लेन्स सूर्याकडे कधीच करू नये. फिल्टर वापरायची सवय असेल तर तो लावूनच पाहावे; कारण फिल्टरची कड हूडला काही मिलिमीटर पुढे ढकलते आणि वाइड लेन्सला तेवढेही पुरते. दोन फिल्टर एकावर एक चढवणाऱ्यांनी तर आधी स्वतःलाच समज द्यावी.

जुनी लेन्स अडॅप्टरने डिजिटल कॅमेऱ्यावर वापरणाऱ्यांचे काम आणखी सोपे आहे. अंतर अनंतावर, छिद्र एफ १६ वर, समोर पांढरी भिंत किंवा मोकळे आभाळ. एक फोटो हूडसह आणि एक हूडशिवाय काढून दोन्हींचे कोपरे शेजारी शेजारी पाहावेत. लेन्सच्या स्वतःच्या स्वभावाने कोपरे थोडे मंद असतातच. फरक दिसतो तो हूडचा. मात्र कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल, म्हणजे ज्याला एपीएस-सी म्हणतात तसा, तर हिशेब बदलतो. त्यावर २८ ची लेन्स सुमारे ५३ अंशच पाहते. तेव्हा ३५ मिलिमीटर लेन्सचा थोडा खोल हूड तिला बिनधोक चालतो आणि ऊनही अधिक अडवतो. पण तोच हूड लावलेली लेन्स पुढे फिल्म कॅमेऱ्यावर चढवली, तर सासवडची पुनरावृत्ती व्हायची.

खरेदीला जाताना लेन्सचे पूर्ण नाव कागदावर लिहून न्यावे. नुसते “निकॉनची वाइड” म्हणून भागत नाही. निकॉनच्या हूडवरची अक्षरे एकदा कळली की डब्यात शोधणे सोपे जाते. एचएन म्हणजे आट्यांचा धातूचा, एचआर म्हणजे आट्यांचा रबरी, एचएस म्हणजे खटका दाबून बसणारा, एचके म्हणजे वरून सरकवायचा आणि एचबी म्हणजे फिरवून अडकवायचा बायोनेट. २४ मिलिमीटर एफ २.८ ला एचएन-१, २८ एफ २.८ ला एचएन-२ आणि ३५ एफ २ ला एचएन-३. ५० एफ १.८ च्या ‘डी’ या ऑटोफोकस आवृत्तीला एचआर-२ हा रबरी. १०५ एफ २.५ च्या शेवटच्या आवृत्तीसाठी तर काहीच शोधायला नको. तिच्यातच बाहेर सरकणारा हूड बसवलेला आहे. कित्येकांनी ती लेन्स वर्षानुवर्षे वापरूनही तो कधी ओढून पाहिलेला नसतो.

कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचा प्रकार निराळा. त्यांचा हूड आट्यांवर बसतच नाही. कडेच्या बाहेरील बायोनेटवर बसतो आणि आटे फिल्टरसाठी मोकळे राहतात. त्यावरचे बीडब्ल्यू, बीएस, बीटी यांतले दुसरे अक्षर वाइड, स्टँडर्ड, टेली असे समजावे. गावोगावच्या स्टुडिओंत ज्याने लग्ने काढली त्या यशिका मॅट-१२४ जी ला लागतो बायोनेट एक मापाचा हूड. रोलायफ्लेक्सच्या ३.५ एफ ला बायोनेट दोन आणि २.८ एफ ला बायोनेट तीन. दिसायला हे तिन्ही भाऊ सारखे. मात्र एकाचा सदरा दुसऱ्याला येत नाही.

अस्सल हूड मिळाला तर उत्तम, पण त्याच्यासाठी वाटेल ती किंमत मोजण्याचे कारण नाही. लायकासारख्या नावांचे जुने हूड संग्राहकांमुळे भलत्याच भावाला जातात. सामान्य माणसाने त्या फंदात पडू नये. हूड म्हणजे अखेर योग्य आकाराची काळी कड. दुसऱ्या कंपनीचा, पण त्याच कोनाचा हूड तेच काम करतो. बाजारात तीन घड्यांचा रबरी हूडही मिळतो: पूर्ण मागे दुमडला की वाइडसाठी, अर्धा उघडला की ५० साठी, पूर्ण उघडला की टेलीसाठी. कल्पना चांगली आहे. मात्र दुमडलेल्या स्थितीतही तो २८ ला चालेलच असे नाही. चाचणी करूनच घ्यावा. आपल्याकडच्या उन्हात रबर काही वर्षांत तडकते किंवा चिकट होते, हेही धरून चालावे.

पाकळ्यांसारखा कापलेला हूड सध्या फार लोकप्रिय आहे, कारण तो दिसतो झोकदार. त्या पाकळ्यांना अर्थ आहे. चित्राची चौकट आयताकार, म्हणून कोपऱ्यांच्या दिशेला खाच आणि वर-खाली लांब पाकळी. पण तो दर वेळी एकाच जागी येऊन थांबला तरच हे गणित जमते. आट्यांवर फिरवायचा पाकळी-हूड कुठे घट्ट होईल याचा नेम नाही. लांब पाकळी नेमकी कोपऱ्यात आली की संपले. शिवाय पुष्कळ जुन्या झूम लेन्सचे तोंड फोकस करताना स्वतःच फिरते. अशा लेन्सवर पाकळ्या म्हणजे निव्वळ शोभा. जुन्या लेन्सला साधा गोल हूडच बरा.

घेताना हूडच्या आतही डोकावून पाहावे. आतला पृष्ठभाग चकचकीत असेल, तर तो ऊन अडवण्याऐवजी गोळा करून लेन्समध्ये पाठवील. खिशातल्या मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की लगेच समजते. हूड इतर बाबतींत योग्य असेल तर आत काळे मखमल चिकटवून किंवा बिनचमकीचा काळा रंग देऊन हा दोष काढता येतो. आणि हूड मिळेपर्यंत? काचेवर ऊन पडते आहे असे दिसले, तर कुणाला तरी शेजारी उभे करून वर्तमानपत्राची घडी लेन्सवर सावली पडेल अशी धरायला सांगावे. ती चौकटीत येत नाही ना, एवढे पाहिले म्हणजे झाले. बाबा कधी कधी हूड घरी विसरत, तेव्हा आपली टोपी धरत. ती धरण्याचे काम लहानपणी तिच्याकडेच असे.

बोरा बाजारातल्या काकांनी एचएन-२ चे पैसे घेतले आणि रबरी हूड तिच्याकडे परत सरकवला.

“हा टाकू नका ताई. पन्नासची लेन्स आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“त्याच्यावर लावून कोपऱ्यातून बघा.”

तिने तिथेच लेन्स बदलली, पाठ उघडली आणि पाहिले. चारही कोपऱ्यांतून छिद्र पूर्ण दिसत होते. तो हूड आता त्या लेन्सवर कायमचा आहे. सासवडचा फोटो मोठा करून आईंच्या खोलीत लावला आहे. कडा कापून कोपरे लपवता आले असते, फोटोवाल्याने तसे सुचवलेही होते. पण मग काकांचा उरलेला अर्धा चेहराही गेला असता, म्हणून तो कोपऱ्यांसकटच लावला आहे.